आई-बाबांचं ग्रीन कार्ड: काढायचं कसं, आणि ठाण्याला येऊन-जाऊन टिकवायचं कसं

हा लेख एका ठरावीक परिस्थितीतल्या घरांसाठी आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आहे, आई-बाबा ठाण्यात, ऐरोलीत किंवा खारघरला आहेत आणि त्यांच्यासाठी ग्रीन कार्डची फाईल टाकायची आहे. किंवा कार्ड हातात आलेलं आहे आणि वर्षातले बरेच महिने घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्येच काढायचा बेत आहे.

गाडी अडते ती बहुधा दोन जागी. पहिली म्हणजे कागदांवरची नावं आणि तारखा. दुसरी म्हणजे अमेरिका सोडण्याआधी जे करायला हवं होतं ते ठाण्यात पोहोचल्यावर आठवतं, आणि तोवर ते करता येत नाही. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. एखादा टप्पा तुमचा होऊन गेला असेल तर पुढचा वाचा, पण टप्पा ७ वगळू नका.

पूर्वी व्हिसा नाकारलेला असेल, अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल, किंवा कुठलीही पोलीस केस झालेली असेल, तर फाईल टाकण्याआधीच तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला दाखवा. इथल्या 'सगळं करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला नव्हे.

## टप्पा १: ग्रीन कार्ड खरंच हवं आहे का, ते ठरवा

हा प्रश्न घरात कुणी नीट विचारत नाही. मुलाला नागरिकत्व मिळालं की दुसऱ्या आठवड्यात फाईल टाकायची, असाच रिवाज पडला आहे.

ग्रीन कार्डाचा कायदेशीर अर्थ असा की तुमचं कायमचं घर अमेरिकेत आहे आणि इतरत्र तुम्ही तात्पुरते जाता. नातवंडांना भेटायला वर्षाकाठी तीन-चार महिने जायचं, बाकी वेळ सोसायटी, देऊळ, तलावपाळीची फेरी आणि ठरलेला डॉक्टर असंच आयुष्य हवं असेल, तर दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिजिटर व्हिसा पुरतो. त्यावर एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत कर लागत नाही आणि भारतात किती दिवस राहिलात हे कुणी विचारत नाही.

ग्रीन कार्ड घेतलं की मात्र पेन्शन, एफडीचं व्याज, डोंबिवलीच्या जुन्या खोलीचं भाडं, सगळं अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, तोही लगेच मिळत नाही. अमेरिकेत पुरेशी वर्षं नोकरी न केलेल्या ६५ वर्षांवरच्या माणसाला ती विकत घेण्यासाठीसुद्धा सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोपर्यंतच्या आरोग्यविम्याचा खर्च मुलाने आधीच काढून ठेवावा. कित्येक घरांत खरा निर्णय या आकड्यावरच होतो, आणि तसाच व्हायला हवा.

इशारा: एकदा आई-बाबांच्या नावाने आय-१३०, म्हणजे मुलाने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी करायचा पहिला अर्ज, दाखल झाला की पुढे व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का' याला 'हो' लिहावं लागतं, आणि मग व्हिजिटर व्हिसा मिळणं अवघड होतं. 'फाईल टाकून ठेवू, जायचं तेव्हा बघू' हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

## टप्पा २: कागद गोळा करायच्या आधी नावं जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एक मोठा कागद घ्या. प्रत्येक दाखल्यावर आईचं नाव, बाबांचं नाव आणि जन्मतारीख जशी छापली आहे तशीच, एका अक्षराचाही फरक न करता, एकाखाली एक लिहून काढा. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि मुलाचं अमेरिकन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र एवढे कागद तरी त्यात हवेत.

आपल्याकडे ठरलेले घोळ असे निघतात.

आईचं लग्नात नाव बदललेलं असतं. माहेरची कुसुम सासरी शुभांगी होते. पासपोर्ट शुभांगीच्या नावाने, शाळेचा दाखला कुसुमच्या. त्यात बाळंतपण माहेरी झालेलं असेल तर हॉस्पिटलने नोंद वहीत जे नाव ऐकलं ते लिहिलं, म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच नाव. सगळी फाईल मुलाच्या याच दाखल्यावर उभी असते, कारण 'ही याची आई' हे सांगणारा तो मुख्य कागद आहे. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र असा संच तयार ठेवा. राजपत्रासाठीचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो. शक्य असेल तर मूळ नोंदीतली चूक ती नोंद जिथे आहे त्याच कार्यालयात दुरुस्त करून घ्या. प्रतिज्ञापत्रापेक्षा दुरुस्त दाखल्याला वजन जास्त.

दुसरा घोळ १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून टाकला आणि तीच तारीख पुढे पासपोर्टवर गेली, असे आजी-आजोबा घरोघर आहेत. अर्जात पासपोर्टवरची तारीखच जाते. पण गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत वेगळी तारीख असेल आणि तुम्ही तोच उतारा जोडलात, तर एका फाईलमध्ये दोन तारखा झाल्या. दाखला काढायला माणूस गावी पाठवायच्या आधीच हे लक्षात घ्या, आणि तारखा खरोखर वेगळ्या निघाल्या तर लपवू नका. कारण लेखी द्या.

तिसरा, जन्मदाखलाच नसणं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या कित्येक जन्मांची नोंद सापडत नाही, हे अमेरिकी यंत्रणेलाही माहीत आहे. अशा वेळी जन्म जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणायचा. ठाण्यात पन्नास वर्षं राहिलात म्हणून ठाणे महापालिकेने दिलेला 'नोंद नाही'चा दाखला चालत नाही. आजोळ संगमेश्वरला असेल तर संगमेश्वरच. त्याला जोडून शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. असे नातेवाईक आज हयात आहेत तोवर ही प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, फाईल दोन वर्षांनी टाकणार असलात तरी.

लग्नाची नोंद नसेल तर आता करून घ्या. जुन्या लग्नाचीही नोंदणी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींची माहिती लागते. पत्रिका हरवली असेल तर काय चालेल हे अर्ज घेऊन जाण्याआधीच विचारून या.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहिलं की यूएससीआयएसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, पुरतं. कोर्टाबाहेरच्या टेबलावर पानामागे पैसे मोजून नोटरीचे शिक्के मारून घ्यायची गरज नाही. भाषांतरात मात्र नाव 'सुधारू' नका. दाखल्यावर 'गनपत' असेल तर भाषांतरातही गनपतच.

तपासा: मोठ्या कागदावर ज्या ज्या दोन ओळींत फरक आहे, त्या प्रत्येक फरकासाठी एक पुरावा हातात आहे का? नसेल तर टप्पा ३ ला जाऊ नका.

## टप्पा ३: मुलाने दाखल करायचा आय-१३०

अर्ज अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने करायचा. ती नागरिक हवी आणि तिचं वय २१ पूर्ण हवं. तिच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येतच नाही. इथे बरीच घरं उगाच वर्षभर आशेवर राहतात.

आईचा एक आणि बाबांचा एक, असे दोन वेगळे अर्ज लागतात. नवरा-बायकोचं एकात भागत नाही. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाला ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर लागतात, दोघांचे मिळून दुप्पट. या लेखातली कुठलीही फी भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा. चुकीच्या रकमेचा अर्ज परत येतो. बाबांच्या अर्जाला मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर आई-बाबांच्या लग्नाचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं, म्हणून टप्पा २ मधली लग्ननोंदणी आधी.

नागरिकाचे आई-वडील 'इमिजिएट रिलेटिव्ह' या वर्गात येतात आणि त्यांना वार्षिक कोटा नाही. म्हणजे भावा-बहिणींच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. फक्त अर्ज तपासायला लागेल तेवढा वेळ.

इशारा: या वर्गात आई-बाबांच्या मागे कुणी येत नाही. धाकटी मुलगी अजून कॉलेजात आहे, तीही याच फाईलमधून जाईल, हा समज सर्रास असतो आणि तो चूक आहे. तिच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी रांग.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथेच आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरण्याचा सल्लाही मिळेल. कायद्यात ती वाट आहे. पण विमानतळावर 'फिरायला आलोय' म्हणून सांगायचं आणि बॅगेत जन्मदाखल्यांची फाईल ठेवायची, हे खोटं बोलणं ठरू शकतं, आणि ते एकदा नोंदलं गेलं की कायमचं अडतं. शिवाय तो अर्ज चालू असताना ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता ठाण्याला आलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ज्यांना मध्येच भाच्याच्या लग्नाला यायचं आहे त्यांनी ही वाट धरू नये.

## टप्पा ४: एनव्हीसीचे कागद

आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. इथला क्रम असा: आधी दोन्ही फी (व्हिसा अर्जाचे प्रत्येकी ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीचे १२० डॉलर), मग आय-८६४ हमीपत्र, मग डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग स्कॅन केलेले कागद.

आय-८६४ मध्ये मुलाचं उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारानुसार अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. कुटुंबात त्याचे मुलगे-मुली, बायको आणि येणारे आई-बाबा सगळे मोजायचे. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. ही सही म्हणजे औपचारिकता नाही. आई-बाबा नागरिक होईपर्यंत, किंवा तिथल्या कामाच्या ४० तिमाह्या त्यांच्या खात्यावर जमेपर्यंत, किंवा ते कार्ड सोडून देश सोडेपर्यंत ती बंधनकारक असते. सुनेला किंवा जावयाला याची पूर्ण कल्पना असलेली बरी.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून. ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र जवळ आहे. फी ५०० रुपये. पासपोर्टवर जुन्या नौपाड्याच्या चाळीचा पत्ता आणि राहता कासारवडवलीला, असं असेल तर पडताळणी अडते. पत्त्याचा पुरावा आधी नीट करा. बाबा किंवा आई सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिले असतील तर त्या देशाचंही पोलीस प्रमाणपत्र लागतं. मस्कतला किंवा कुवेतला नोकरी केलेल्यांनी हे आधी हाती घ्यावं. ते मिळायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

तपासा: डीएस-२६० मधले पत्ते, प्रवास आणि नोकऱ्या पूर्वीच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाशी जुळतात का? तो अर्ज तेव्हा एजंटाने भरला असेल तर त्याची प्रत मागून घ्या.

## टप्पा ५: मेडिकल आणि बीकेसीची मुलाखत

मेडिकल फक्त बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच. तुमच्या हार्ट स्पेशालिस्टचा रिपोर्ट सोबत न्या, पण तो मेडिकलच्या जागी चालत नाही. एक गोष्ट घरच्यांना आधी सांगून ठेवा: छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाची खूण दिसली तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. चाळीस वर्षांपूर्वी बरा झालेला टीबीही यात येतो. म्हणून मेडिकल मुलाखतीच्या अगदी तोंडावर ठेवू नका आणि जुन्या उपचारांचे कागद असतील तर शोधा.

मुलाखत छोटी असते. मूळ कागद, मुलाचा जन्मदाखला सगळ्यांत वर, आणि प्रश्नाला सरळ उत्तर. २२१(जी)ची, म्हणजे आणखी काही हवं असल्याची, चिठ्ठी मिळाली म्हणजे नकार मिळाला असं नाही. काय हवं ते त्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच द्या.

पासपोर्टवर व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, फ्लॅट विकू नका, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर घाईने कुणाला मुखत्यारपत्र देऊन टाकू नका.

## टप्पा ६: पहिला प्रवेश आणि पहिले काही आठवडे

व्हिसाची मुदत बहुधा सहा महिने, आणि ती मेडिकलला बांधलेली असते. त्याआधी अमेरिकेत पोहोचायचं. यूएससीआयएसची २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरल्याशिवाय कार्ड छापलं जात नाही, तेव्हा ती निघण्यापूर्वीच भरा. कार्ड मुलाच्या पत्त्यावर पोस्टाने येतं. तोवर प्रवेशाचा शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर कार्डाचं काम करतो.

पहिल्या आठवड्यांत सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेत खातं, राज्याचं ओळखपत्र आणि डॉक्टरकडे नोंद, हे सगळं करून घ्या. या प्रत्येक कागदावर तारीख आणि तिथला पत्ता येतो, आणि पुढे 'आमचं घर इथेच आहे' हे हेच कागद बोलतात. मुलाने घर बदललं तर आई-बाबांनीही १० दिवसांत एआर-११ भरून पत्ता कळवायचा. त्याने कळवला म्हणजे तुमचा कळला असं होत नाही.

इशारा: ओळखपत्र काढायला मोटार वाहन कार्यालयात गेलात की मतदार नोंदणीचा रकाना समोर येतो. खिडकीवरची बाई भराभर विचारते, आपण मान डोलावतो. ग्रीन कार्डधारकाने मतदार म्हणून नाव नोंदवणं हा गंभीर गुन्हा धरला जातो आणि त्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. आई-बाबांबरोबर घरातल्या कुणीतरी उभं राहावं.

## टप्पा ७: ठाण्याला परत निघण्याआधी

'सहा महिन्यांनी एकदा पाय लावून यायचं, कार्ड राहतं.' हे वाक्य नौपाड्यापासून नेरूळपर्यंत प्रत्येक ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ऐकू येतं. असा नियम नाही. कायद्यात दिवसांचे जे टप्पे आहेत त्यांचा अर्थ वेगळा आहे.

सलग १८० दिवसांपर्यंत बाहेर राहून परतलात तर साधारणपणे तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारी व्यक्ती धरत नाहीत. पण दरवर्षी पाच महिने ठाणे, दोन आठवडे न्यू जर्सी, पुन्हा पाच महिने ठाणे असा नकाशा दिसला, तर १८० दिवस एकदाही ओलांडले नसले तरी अधिकारी म्हणू शकतो की तुमचं घर इथे नाहीच. त्याला पाहायचा असतो तुमचा हेतू, आणि तो हेतू तो तुमच्या एकूण येण्या-जाण्यावरून ठरवतो.

१८० दिवस ते एक वर्ष या काळात कार्ड प्रवासाला चालतं, पण प्रश्न वाढतात. भारतात राहणं तात्पुरतं होतं हे दाखवणारा पुरावा हवा: शस्त्रक्रियेचे कागद, पुनर्विकासात नव्या फ्लॅटचा ताबा, वारसाहक्काच्या केसची तारीख. परतीचं तिकीट सुरुवातीलाच काढलेलं असेल तर उत्तम.

एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात की नुसतं कार्ड परत येण्यासाठी चालत नाही. कार्डावर २०३२ पर्यंतची मुदत छापलेली असली तरीही नाही.

म्हणून वर्षाच्या आसपास किंवा जास्त राहायची शक्यता दिसत असेल तर री-एन्ट्री परमिट, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत येण्याचा आधीच काढून ठेवलेला परवाना. त्याचा क्रम असा.

पहिलं, परमिटचा आय-१३१ अर्ज अमेरिकेत असतानाच दाखल करायचा. ठाण्यातून, ऑनलाइन, मुलाच्या पत्त्यावरून, कुठल्याच युक्तीने तो इथून करता येत नाही. अर्ज पोहोचला त्या दिवशी तुम्ही तिकडे असायला हवं. फी ६३० डॉलर. प्रवासाच्या निदान दोन महिने आधी करा.

दुसरं, बोटांचे ठसे द्यायला बोलावणं येतं. तेही अमेरिकेतच. तिकीट आधीच काढून ठेवल्यामुळे ठसे न देता निघून येणं, ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत महाग पडणारी चूक. पुन्हा तिकडे जावं लागतं, नाहीतर अर्ज बाद.

तिसरं, ठसे झाले की परमिट हातात येण्याची वाट न पाहता निघता येतं. ते मुलाच्या पत्त्यावर येऊ शकतं किंवा अर्जातच मुंबई वकिलातीत पाठवायला सांगता येतं. यायला बराच काळ लागतो, कधी वर्षाहून जास्त. ते येण्याआधी तुमचं वर्ष भरत असेल तर वर्षाच्या आत परत जा.

परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि त्याला मुदतवाढ नसते. पुन्हा हवं तर पुन्हा जाऊन नवा अर्ज. मागच्या पाचांपैकी चार वर्षांहून जास्त बाहेर काढली असतील तर पुढचं एकाच वर्षाचं मिळतं. परमिट असलं तरी अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येतात. फक्त 'इतके दिवस बाहेर होता' या एका कारणावरून कार्ड सोडलं असं धरता येत नाही. नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य मात्र त्याने वाचत नाही.

नोव्हेंबरातल्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी यावंच लागतं असं धरून कुणी सगळ्या तारखा आखत असेल, तर थांबा. तो दाखला अमेरिकेतल्या भारतीय दूतावासातून करून पाठवता येतो. आधी आपल्या बँकेला विचारा.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर तीन तारखा लिहा: आज निघालो, १८० वा दिवस, एक वर्ष. तो कागद पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. मोजणी अमेरिका सोडल्याच्या दिवसापासून, ठाण्यात पोहोचल्याच्या नव्हे.

## टप्पा ८: कर, ठाण्यात बसून असलात तरी

वर्षभर पाचपाखाडीत राहिलात तरी कार्ड आहे तोवर तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी. १०४० फॉर्म, म्हणजे तिथलं आयकर विवरणपत्र, आणि त्यात जगभरचं उत्पन्न. उत्पन्न मर्यादेखाली असलं तरी विवरणपत्र भरून ठेवावं असं माझं मत आहे, कारण वास्तव्याचा तो बळकट पुरावा ठरतो.

इथले सगळे बँक खाते, एफडी, पीपीएफ, बायकोबरोबरची संयुक्त खाती मिळून वर्षात कधीही एकूण १०,००० डॉलरच्या वर गेले तर एफबीएआर, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांचं माहितीपत्रक, वेगळं भरायचं. ठाण्यातल्या निवृत्त जोडप्याच्या एफडी ही रेषा सहज ओलांडतात. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे नाही. म्युच्युअल फंडांच्या एसआयपीचा हिशेब तर इतका किचकट आणि महाग पडतो की कार्ड मिळण्याआधीच दोन्हीकडचं जाणणाऱ्या सल्लागाराशी बोलून घ्यावं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेचे उतारे कॅलेंडर वर्षाप्रमाणे मागून ठेवा.

इशारा: कर वाचवायला 'नॉन-रेसिडेंट' म्हणून विवरणपत्र भरणं, किंवा भारत-अमेरिका कर करारातल्या तरतुदीने स्वतःला भारताचा रहिवासी ठरवून घेणं, म्हणजे स्वतःच लिहून देणं की आपलं घर अमेरिकेत नाही. काही सीए हे फक्त कराच्या नजरेने सुचवतात. कार्ड टिकवायचं असेल तर नको.

## टप्पा ९: परतताना विमानतळावर

अधिकारी विचारतो: किती दिवस बाहेर होता, का गेला होता, घर कुठे आहे? आपली माणसं 'घर कुठे' याला सवयीने 'ठाण्याला' म्हणून सांगतात. खोटं बोलायचं नाही, पण प्रश्न काय आहे ते समजून उत्तर द्यायचं: आम्ही मुलाबरोबर अमुक गावात राहतो, ठाण्याला फ्लॅटच्या कामासाठी गेलो होतो. दिवस कमी करून सांगू नका. तुमच्या येण्या-जाण्याची नोंद त्यांच्या संगणकावर असते. इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाषा मागा. व्हीलचेअरवाल्याला मध्ये बोलू देऊ नका.

वेगळ्या खोलीत नेऊन आय-४०७ वर सही मागण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हे वाचल्याशिवाय घरातून निघू नका: तो फॉर्म ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडल्याचा आहे. त्यावर सही करणं बंधनकारक नाही. 'मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी हवी' असं म्हणण्याचा हक्क आहे. कार्ड सोडलं हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. थकलेल्या सत्तरीच्या माणसाला रात्री दोन वाजता हे आठवत नाही, म्हणून इंग्रजीत दोन ओळी लिहून कार्डाबरोबर ठेवा, आणि मुलाचा नंबरही कागदावर ठेवा. फोन त्या खोलीत वापरू देतीलच असं नाही.

## टप्पा १०: ठाण्यात अडकून वर्ष उलटलं तर

तसंच विमानात बसायला जाऊ नका. आजारपण, अपघात, म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या कारणाने थांबावं लागलं असेल, तर मुंबई वकिलातीत एसबी-१ म्हणजे 'रिटर्निंग रेसिडेंट' व्हिसासाठी डीएस-११७ फॉर्म आणि १८० डॉलर फी. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: निघताना ग्रीन कार्ड होतं, परतायचा इरादा होता आणि तो टिकून होता, आणि लांबलं ते आपल्या इच्छेने नव्हे. हॉस्पिटलचे कागद, रद्द केलेलं परतीचं तिकीट, त्या वर्षाचं अमेरिकी विवरणपत्र, एवढं तरी हवंच. 'नातीचं बारसं, मग दिवाळी, मग गणपती' हे कारण टिकत नाही. मंजूर झालं तरी मेडिकल आणि मुलाखत नव्याने.

वर्ष उलटलेलं नाही पण कार्ड हरवलं, तर ते वेगळं काम: आय-१३१ए भरून विमानात चढू देणारं तात्पुरतं कागदपत्र घ्यायचं. फी ५७५ डॉलर. कार्ड चोरीला गेलं असेल तर पोलीस तक्रारीची प्रत जोडा.

एसबी-१ नाकारला गेला तर मुलाला आय-१३० पासून पुन्हा सुरू करता येतं. आई-वडिलांना कोटा नसल्यामुळे काही घरांत तोच कमी डोकेदुखीचा मार्ग ठरतो.

## टप्पा ११: नूतनीकरण, नागरिकत्व किंवा परत करणं

दहा वर्षांचं कार्ड संपण्याच्या सहा महिने आधीपासून आय-९०, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, भरता येतो. कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा संपत नाही, पण विमान कंपनी अडवते. हे काम अमेरिकेतल्या मुक्कामात उरका.

नागरिकत्वासाठी पाच वर्षं, त्यांत निदान ३० महिने प्रत्यक्ष तिथे. सहा महिन्यांहून जास्त एकसलग बाहेर राहिलात की वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. वर्ष झालं की तुटतंच. पन्नाशी ओलांडलेल्यांना कार्डावर २० वर्षं झाली असतील, किंवा ५५ ओलांडलेल्यांना १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने मराठीतही देता येते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्डासाठी अर्ज, याच क्रमाने.

आणि काही वर्षांनी लक्षात आलं की आपलं मन ठाण्यातच आहे, तर कार्ड ओढत नेत बसू नका. आय-४०७ स्वतःहून भरून टपालाने यूएससीआयएसकडे पाठवता येतो आणि नंतर व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करता येतो. स्वतःहून परत केलेल्याची पोच त्या अर्जाबरोबर दाखवा. मात्र परत करण्याआधी वर्षं मोजा. मागच्या १५ करवर्षांपैकी आठ वर्षांत कार्ड हातात असेल, वर्षातला एखादा दिवस असला तरी ते वर्ष धरतात, तर देश सोडण्याच्या कराचे नियम लागू होतात आणि ८८५४ फॉर्म भरावा लागतो. ठाण्यातल्या फ्लॅटची आजची किंमत त्या हिशेबात येते. सोडायचंच असेल तर आठवं वर्ष लागण्यापूर्वी सोडा, आणि आय-४०७ ची प्रत त्या वर्षाच्या विवरणपत्राबरोबर फाईलला लावा.